वाइनरींची सहल आणि बागायतदाराचा वाटा

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या भागांतील बागायतदार मंडळींत एक नवी चाल पडत चालली आहे. शनिवार-रविवार साधून चार-पांच जणांनीं मिळून देवगिरी किंवा तपोवन गाडीनें नाशिकास जावें, गंगापूर धरणाच्या परिसरांतील व दिंडोरी-इगतपुरीकडील वाइनरी पाहाव्या, तेथील वाइन चाखाव्या, आणि सोमवारीं परत येऊन गांवच्या पारावर तद्विषयीं चर्चा करावी, असा हा क्रम आहे. विष्णुपुरी, लोहा, कंधार, औसा, निलंगा येथून जाऊन आलेल्या कित्येकांच्या तोंडीं आम्हीं एकच वाक्य ऐकलें: ‘जमीन आपल्याकडेहि आहे, पाणीहि आहे, मग हीच बाग आपण कां लावूं नये?’

प्रश्न रास्त आहे. पण पेल्यांतील वाइन पाहून त्याचें उत्तर देतां येणार नाहीं. आमचें मत आरंभींच स्पष्ट सांगतों. ही सहल अवश्य करावी. तिच्यापासून शेतकऱ्यास शिकण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु परत येतांना वेलाची काडी आणूं नये, हिशेब आणावा. वाइनच्या धंद्यांत पैसा आहे, पण तो द्राक्षाच्या घडांत फार थोडा आहे. तो वाइन मुरविण्याच्या कोठींत, बाटलीवरील नांवांत आणि पाहुण्यांसाठीं उघडलेल्या दारांत आहे. ज्या बागायतदाराचा त्या कोठींत वाटा नाहीं, त्यानें केवळ वेल लावून तो पैसा आपल्या घरीं येईल अशी आशा धरणें आमच्या मतें घातक आहे.

द्राक्ष मराठवाड्यास नवें नाहीं. चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेला मोरक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानें तेथें द्राक्षें व डाळिंबें होतात आणि तीं वर्षांतून दोनदां येतात असें लिहून ठेवलें आहे. आपल्या हवेंत द्राक्षाचा वेल थंड देशांतल्याप्रमाणें हिवाळ्यांत झोपीं जात नाहीं. म्हणून आजहि आपण एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करतों व पीक मात्र एकच घेतों. जालना जिल्ह्यांतील कडवंची गांवानें पाणलोटाचें काम करून व शेततळीं खोदून अवर्षणाच्या मुलखांत द्राक्षबागा उभ्या केल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां आपल्या माणसास द्राक्ष जमणार नाहीं, असें म्हणण्याचें कारण नाहीं.

वाइन मात्र वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्रांत या धंद्याचा पाया १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं नारायणगांव येथें घातला. फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें त्यांनीं फेसाळ वाइन तयार केली व ‘ओमर खय्याम’ या नांवानें ती परदेशींहि विकली. पुढें राजीव सामंत यांनीं अमेरिकेंतील नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या आपल्या कुटुंबाच्या जमिनींत वाइनचीं द्राक्षें लावलीं. १९९९ सालीं ‘सुला’ ही कंपनी उभी राहिली आणि २००० सालीं तिची पहिली वाइन बाजारांत आली. त्यानंतर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, राज्यांत पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनवरील उत्पादनशुल्कांत सूट दिली आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्यानें काढण्याचें ठरविलें. पाहतां पाहतां नाशिकच्या आसपास अनेक वाइनरी उभ्या राहिल्या. २०१३ सालीं तर फेसाळ वाइनसाठीं प्रसिद्ध असलेल्या एका फ्रेंच घराण्याच्या कंपनीनें ‘शांदों’ या नांवाची वाइन दिंडोरी तालुक्यांत करण्यास आरंभ केला. डिसेंबर २०२२ मध्यें सुलाचे भाग शेअरबाजारांत आले. एका पिढींत एवढा पल्ला गांठणारे शेतीजन्य उद्योग आपल्या राज्यांत फार नाहींत.

आतां जो बागायतदार सहलीस जातो, त्यास तेथें काय दिसतें तें पाहूं. जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणीचा हंगाम असतो, आणि त्या दिवसांत जाणें सर्वांत चांगलें. वेल आपल्या ओळखीचाच, परंतु घड पाहून आपण थबकतों. थॉम्पसन, सोनाका किंवा तास-ए-गणेश यांच्या लांब, टपोऱ्या, बिनबियांच्या मण्यांची आपणांस सवय. येथें मणी लहान, सालीचा जाड, बियांचा आणि घट्ट बसलेला. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों अशीं या जातींचीं नांवें आहेत. मणी फुगविण्यासाठीं जीएच्या बुडवण्या येथें नाहींत, विरळणीची तेवढी यातायात नाहीं. उलट वेलावर घड मुद्दाम कमी राखतात, कारण उतारा वाढला कीं रस पातळ होतो. खाण्याच्या द्राक्षांत साखर सोळा-अठरा ब्रिक्सपर्यंत आली कीं आपण तोडतों. येथें एकवीस ते चोवीसपर्यंत थांबतात. साखरेबरोबर आंबटपणाहि टिकावा लागतो, आणि हीच या पिकाची खरी मेख आहे.

पुढें कारखान्यांत नेतात. पांढऱ्या वाइनसाठीं द्राक्षें दाबून रस सालीपासून वेगळा करतात व पोलादाच्या टाक्यांत गार ठेवून सावकाश आंबवितात. तांबड्या वाइनसाठीं साल रसांतच राहूं देतात. रंग आणि तुरटपणा सालींतून येतो. किण्व साखर खातें, तिचें मद्यार्क व कर्बवायु होतात, एवढेंच या विद्येचें मूळ. बाकी सारें तपमान, स्वच्छता आणि धीर यांवर अवलंबून आहे. कांहीं तांबड्या वाइन ओक लाकडाच्या सुमारें २२५ लिटरच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरत पडतात. तितके दिवस त्या मालांत भांडवल अडकून राहतें, हें हिशेबी माणसानें लक्षांत ठेवावें.

शेवटीं चव घेण्याचा प्रकार. लांब टेबलापाशीं पाहुण्यांस उभे करून पांच-सहा प्रकारच्या वाइन प्रत्येकीं दोन-तीन घोट देतात. आधीं रंग पाहावा, पेला फिरवावा, वास घ्यावा, मग लहानसा घोट तोंडांत घोळवावा, असें समजावून सांगतात; गिळावयाची नसेल त्यासाठीं थुंकण्याचें भांडें ठेवलेलें असतें. सोव्हिन्यों ब्लांला नुकत्याच कापलेल्या गवताचा व कच्च्या पेरूचा वास येतो, शेनिन ब्लां पिकल्या फळासारखी मऊ लागते, शिराझमध्यें मिऱ्याचा झणका असतो, आणि काबर्नेनें जिभेस सुपारीसारखा तुरटपणा येतो. ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांनीं नुसता वास घेतला तरी जातीजातींतील फरक त्यांस कळेल. हळदीचा किंवा आंब्याचा वास घेऊन माल पारखणाऱ्या आपल्या माणसांस हें फार अवघड जात नाहीं.

या सर्व प्रकारांत आपली मंडळी वाइनचें कौतुक करतात. आम्हांस वाटतें, कौतुक दाराचें करावें. मुंबई-पुण्याचा गिऱ्हाईक शेकडों मैल मोटार हाकून शेतावर येतो, प्रवेशाचे पैसे देतो, चव घेण्याचे देतो, जेवणाचे देतो, रात्रीं राहण्याचे देतो, आणि जातांना चार बाटल्या विकत घेऊन वर आभार मानतो. आपण मात्र माल गाडींत भरून बाजारांत नेतों, हमाली-तोलाई देतों आणि भाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकतों.

आतां हिशेब मांडूं. पुढील आंकडे केवळ उदाहरणासाठीं धरलेले आहेत. प्रत्येकानें आपल्या माहितीप्रमाणें ते बदलून घ्यावे. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस सुमारें सव्वा किलो द्राक्षें लागतात. एकरीं पांच टन उतारा आणि किलोस चाळीस रुपये भाव धरला, तर बागायतदारास दोन लाख रुपये मिळाले. त्यांतून मजुरी, खतें, फवारण्या, मांडवाचें व्याज आणि छाटणीचा खर्च जावयाचा. त्याच पांच टनांच्या बाटल्या झाल्या चार हजार. बाटलीस सहाशे रुपये धरले तर त्यांचे चोवीस लाख झाले. म्हणजे गिऱ्हाइकाच्या सहाशे रुपयांपैकीं द्राक्षाचे पन्नास. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर रुपयामागें दीड आण्याहूनहि कमी. अर्थात् बाकीचे सारे पैसे कोणी फुकट घेत नाहीं. कांच, बूच, यंत्रें, शीतकरण, अडकलेल्या भांडवलाचें व्याज, कर आणि दुकानदाराची दलाली यांत मोठा भाग जातो. परंतु जो नफा म्हणून राहतो, तो कोठीच्या मालकापाशीं राहतो.

चव घेण्याच्या दालनाचा हिशेब याहून बोलका आहे. एका बाटलींतून ३० मिलिलिटरचे पंचवीस घोट निघतात. पांच प्रकारांच्या चवीस माणशीं पांचशे रुपये धरले, तर एका घोटाचे शंभर रुपये झाले आणि सहाशेंची बाटली अडीच हजारांस गेली. त्यांतहि द्राक्षाचे पन्नासच. दार ज्याचें, वाढलेली किंमत त्याची. ही गोष्ट ज्यास सहलींत दिसली, त्याचें गाडीभाडें वसूल झालें असें समजावें.

कोणी म्हणेल, द्राक्षाचे पन्नास रुपये तरी निश्चित आहेत ना? तेहि कायमचे निश्चित नाहींत. वाइनच्या धंद्याचा इतिहास येथें वाचला पाहिजे. २००१ च्या धोरणानंतर वाइनरी भराभर निघाल्या आणि त्यांच्या भरंवशावर नाशिक, पुणें, सांगली या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं वाइनच्या जाती लावल्या. २००८ सालीं जगभर मंदी आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला व मोठ्या हॉटेलांचा धंदा बसला. वाइन टाक्यांतच पडून राहिली. ज्या इंडेज कंपनीनें या धंद्याचा पाया घातला होता, तीच कर्जाच्या ओझ्याखालीं कोसळली व दिवाळखोरीस गेली. पुढील एक-दोन हंगामांत अनेक बागायतदारांनीं वाइनचे वेल उपटून तेथें पुन्हां खाण्याच्या जाती लावल्या. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर माणूस तें दूरच्या बाजारांत पाठवितो, नाहीं तर बेदाणा करतो. वाइनचें बियांचें, जाड सालीचें द्राक्ष बाजारांत कोणी खाण्यास घेत नाहीं आणि त्याचा चांगला बेदाणाहि होत नाहीं. त्यास गिऱ्हाईक एकच: वाइनरी. तिनें दार लावलें म्हणजे पीक वेलावरच राहिलें. वेल फळास येण्यास दोन-तीन वर्षें लागतात, मांडवाचा खर्च आधींच झालेला असतो, आणि त्यावरील कर्ज बाजाराची वाट पाहत थांबत नाहीं.

पुढेंहि वारा एकाच दिशेनें वाहील असें नाहीं. परदेशी वाइनवरील दीडशें टक्के आयातकराच्या आडोशानें आपला धंदा वाढला. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशीं झालेला व्यापारी करार अमलांत आला आहे, आणि त्यांत महाग ऑस्ट्रेलियन वाइनवरील कर टप्प्याटप्प्यानें उतरविण्याचें ठरलें आहे. आडोसा कमी झाला म्हणजे वाइनरीची चढाओढ वाढणार, आणि चढाओढींत सापडलेला कारखानदार खर्चाची पहिली कात्री कच्च्या मालावर चालवितो, हा सर्व धंद्यांतला अनुभव आहे.

तर मग उपाय काय? आमच्या मतें तो मालकींत आहे, आणि त्याचा दाखलाहि नाशिक जिल्ह्यांतच सांपडतो. ज्या दिंडोरी तालुक्यांत वाइनरी पाहावयास आपण जातों, त्याच तालुक्यांत मोहाडी येथें विलास शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० च्या सुमारास ‘सह्याद्रि’ ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी उभी केली. द्राक्षांची प्रतवारी, शीतगृह, परदेशी निर्यात व फळांवरील प्रक्रिया हीं सारीं कामें तेथें शेतकऱ्यांच्या मालकीच्या संस्थेंत होतात. वाइनरी पाहून त्याच वाटेनें परत येणाऱ्या मंडळींस आमचा आग्रह आहे कीं, दोन दिवसांपैकीं अर्धा दिवस मोहाडीस द्यावा. द्राक्ष तेंच, पाणी तेंच, हवा तीच. फरक एवढाच कीं दारावर नांव कोणाचें आहे.

मालकीची ही कल्पना वाइनच्या धंद्यास परकी नाहीं. फ्रान्स व इटलींत वाइनचा मोठा हिस्सा द्राक्षें पिकविणाऱ्यांच्या सहकारी कोठींतून निघतो. दक्षिण आफ्रिकेंत १९१८ सालीं बागायतदारांनींच केडब्ल्यूव्ही ही सहकारी संस्था स्थापिली, ती अतिरिक्त उत्पादनानें पडलेल्या भावास आधार देण्यासाठीं. आपल्या महाराष्ट्रानें तर विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरानगरच्या कारखान्यापासून ऊस पिकविणारा हाच कारखान्याचा सभासद, हें तत्त्व देशास दाखविलें. पुढें सहकारी कारखान्यांत काय काय दोष शिरले तें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. परंतु त्या दोषांवर बोट ठेवण्याचा अधिकार उसाच्या सभासदास निदान आहे. वार्षिक सभेंत उभें राहून तो हिशेब मागूं शकतो. वाइनचीं द्राक्षें घालणाऱ्या बागायतदारास असा अधिकार बहुतेक ठिकाणीं नाहीं. तो माल घालणारा आहे, धंद्याचा भागीदार नाहीं.

येथें मद्याच्या नीतीचा प्रश्न टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २७ जानेवारी २०२२ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा भांडारांत वाइन विकूं देण्याचा निर्णय केला, तेव्हां त्याचें मुख्य समर्थन शेतकऱ्याच्या हिताचें होतें. विरोध झाला, अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय प्रत्यक्षांत उतरला नाहीं. दोन्ही बाजूंनीं शेतकऱ्याचें नांव घेतलें. पण विकलेल्या बाटलीमागें शेतकऱ्यास किती मिळतें, हा आंकडा त्या गदारोळांत क्वचितच ऐकूं आला. आमचें म्हणणें असें कीं, मद्यविक्री वाढवावयाची असेल त्यांनीं ती आपल्या नांवावर वाढवावी. शेतकऱ्याचें नांव पुढें करावयाचें असेल तर त्याचा वाटा आधीं करारावर लिहून द्यावा.

मराठवाड्यास या बाबतींत स्वतःचा इतिहास आहे. निजामी राजवटींत शिंदी-ताडीवरील आबकारी हें खजिन्याचें मोठें साधन होतें, आणि १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत शिंदीचीं झाडें तोडणें हा प्रतिकाराचा एक मार्ग झाला. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचेंच नांव विष्णुपुरीच्या विद्यापीठास दिलेलें आहे. आजहि आपल्या गांवांतील स्त्रिया एकत्र येऊन मतदानानें ‘बाटली आडवी’ करतात, ती कोणत्या दुःखापोटीं हें आपण जाणतों. वाइनमध्यें मद्यार्क बारा-तेरा टक्के, देशी दारूंत बेचाळीस टक्क्यांहून अधिक. मजुराचा संसार वाइननें बुडत नाहीं, हें म्हणणें खरें आहे. तथापि २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मद्याचें कोणतेंहि प्रमाण निर्धोक नाहीं असें बजावलें आहे, हेंहि तितकेंच खरें. द्राक्षाची म्हणून वाइन औषध ठरत नाहीं. ज्याच्या घरीं माळ आहे, वारी आहे, त्यानें हें पीक न घेण्यांत कमीपणा मानूं नये. आणि ज्यास तें घ्यावयाचें आहे त्यासहि कोणी पापी म्हणूं नये. दोघांनींहि हिशेब मात्र सारखाच करावा.

आतां आपल्या भूमीचा विचार. त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी प्रथम गंगापूर धरणांत अडते, पुढें पैठणच्या नाथसागरांत, आणि मग खालीं येत येत नांदेडजवळ विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयांत थांबते. एकाच नदीचीं हीं दोन टोकें पाहून पुष्कळांस वाटतें कीं जें वर पिकतें तें खालींहि पिकेल. पण वेल नुसतें पाणी पाहत नाहीं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशे मीटर उंच, नांदेड सुमारें साडेतीनशें. नाशिककडे हिवाळ्यांतील रात्री थंड असतात म्हणून द्राक्षांतला आंबटपणा टिकतो. आपल्या नदीकांठीं फेब्रुवारीपासूनच ऊन चढतें आणि आंबटपणा झपाट्यानें उतरतो. नदीकांठची आपली भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. द्राक्षास मुरमाड, निचऱ्याची जमीन हवी. पावसाळा लांबला तर केवड्याचा त्रास, आणि फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीची भीति निराळीच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत गारांनीं मराठवाड्याची काय दशा केली तें कोणी विसरलेलें नाहीं. म्हणून विष्णुपुरीच्या लाभक्षेत्रांत केळी-हळद काढून वाइनचे वेल लावण्याचा विचार आम्हांस मुळींच पसंत नाहीं. बालाघाटच्या पठारावर, लातूर-धाराशिवकडे, जमीन हलकी व उंची अधिक आहे. तेथें ज्यांस द्राक्षाचा अनुभव आहे त्यांनीं पाहिजे तर थोड्या क्षेत्रावर करून पाहावें.

तेंहि कांहीं अटींवर. काडी घेण्यापूर्वीं पुणें जिल्ह्यांतील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा आणि डॉगरिजसारखा आपल्या मातीस मानवणारा खुंट निवडावा. वाइनरीशीं करार लेखी असावा व त्याची मुदत मांडवाचा खर्च फिटेल इतकी लांब असावी. ब्रिक्सप्रमाणें भाव ठरत असेल तर मोजणी बागायतदारासमक्ष व्हावी आणि किमान भाव आंकड्यांत लिहिलेला असावा. पैसे किती दिवसांत मिळतील, माल नाकारला तर काय, वाइनरी विकली गेली तर नवा मालक बांधील राहील कीं नाहीं, हें सारें आधीं ठरलें पाहिजे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे एकट्यानें न जातां पंचवीस-पन्नास जणांनीं उत्पादक कंपनी करून जावें. एकटा शेतकरी भाव विचारतो. पन्नास जण एकत्र गेले तर भागभांडवलांतील वाटाहि मागूं शकतात.

पण आमचा खरा भर याहून साध्या गोष्टीवर आहे. नाशिकच्या वाइनरींनीं जें दार उघडलें, तें उघडण्यास वाइनच पाहिजे असें नाहीं. नाशिकास वाइनसाठीं गिऱ्हाईक बोलवावें लागलें. नांदेडास तर माणसें आपण होऊन येतात. सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनास देशविदेशांतून यात्रेकरूंची रीघ असते, माहूरच्या रेणुकामातेस जाणारी वाट याच जिल्ह्यांतून आहे. हे लोक मद्यासाठीं येत नाहींत, आणि त्यांस तें देऊंहि नये. परंतु विष्णुपुरीच्या जलाशयाकांठीं केळीची बाग दाखविणारा, घड कसा फुगतो, झाडाचें सोपट कशास उपयोगी पडतें हें सांगणारा, ताजी भाकरी-पिठलें वाढणारा, आणि जातांना शेजारच्या वसमतची हळद, घरचा गूळ, तुरीची डाळ यांच्या नांवनिशी लावलेल्या पिशव्या हातीं देणारा शेतकरी त्यांस आज कोठें भेटतो? राज्य शासनानें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण मंजूर केलें आहे. त्याचा उपयोग आपल्या बाजूस अद्याप फारच थोडा झाला आहे.

पाहुण्यास शेतावर बोलावून त्याच्या हातीं माल देण्याची ही विद्या शिकण्यासाठीं सहल करावी. वाइनरींत गेल्यावर आमच्या वाचकांनीं वाइनच्या जातींबरोबर पुढील गोष्टीहि टिपून आणाव्या: प्रवेशास किती घेतात, माहिती सांगणारा मनुष्य कोठला व त्यास काय शिकविलें आहे, स्वच्छतागृहें कशीं ठेवलीं आहेत, मालावरील चिठ्ठीवर काय छापलें आहे, गिऱ्हाईक किती वेळ थांबतो आणि शेवटीं काय विकत घेऊन जातो. हीं टिपणें प्रत्येक गांवच्या मंडळानें एकत्र बसून वाचावीं, आणि आपल्या हळदीस, केळीस, तुरीस त्यांतलें काय लागू पडतें तें ठरवावें. येत्या हंगामांत एखाद्या गांवानें पांच एकरांवर व दहा घरांच्या भागीदारींत असा एक प्रयोग जरी केला, आणि त्याचा जमाखर्च फायद्या-तोट्यासह या मासिकाकडे पाठविला, तर तो छापण्यास आम्हांस संतोष वाटेल.